मदत हवी आहे: जांघेतले दुखणे, एक्स-रे 'नॉर्मल' आणि पूर्वी घेतलेली स्टेरॉइड्स

नमस्कार.

माझ्या यजमानांच्या (वय ४३, मुक्काम कराड) उजव्या खुब्याच्या दुखण्याविषयी सल्ला हवा आहे. इथून कोणी निदान करावे अशी अपेक्षा नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे आणि तोपर्यंत घरी काय टाळावे, एवढे कळले तरी पुष्कळ होईल.

दुखणे पावसाळ्याच्या अखेरीस सुरू झाले. पडल्याचे किंवा मार लागल्याचे निमित्त नाही. घरात आम्ही सगळे 'कंबर धरली' असेच म्हणत होतो, पण कुठे दुखते ते दाखवा म्हटले की यजमान बोट कंबरेवर न ठेवता जांघेत ठेवतात आणि कधीकधी ते मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत नेतात. मोजे चढवणे, पायाची नखे काढणे, मांडी घालून जेवायला बसणे, मोटारसायकलवर पाय टाकणे हे सारे आता अवघड झाले आहे. अलीकडे रात्री कूस बदलतानाही कळ येते, आणि ते चालताना किंचित लंगडतात हे सर्वांत आधी सासूबाईंच्या लक्षात आले. पायाला मुंग्या येत नाहीत, खोकताना किंवा शिंकताना कळ पायात उतरत नाही, ताप नाही आणि वजनही घटलेले नाही.

पूर्वेतिहास असा, की त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहाचा विकार आहे. तो बळावला तेव्हा वायसोलोन ही स्टेरॉइडची गोळी मोठ्या मात्रेत सुरू करून हळूहळू कमी करत काही महिने घ्यावी लागली होती. सध्या ती बंद आहे आणि आतड्याचा दाह आटोक्यात ठेवणारी मेसालामाइन चालू आहे.

जवळच्या दवाखान्यात सायटिका असावी असे सांगण्यात आले. कंबरेचा आणि खुब्याचा एक्स-रे 'विशेष काही नाही' असा आला, आणि वेदनाशामक गोळ्या, जेल व कंबरेचे व्यायाम सुरू झाले. फरक नाही. एक्स-रे स्वच्छ असताना एमआरआयचा आग्रह धरणे अवाजवी ठरेल का? करायचाच झाला तर तो कंबरेचा करावा की खुब्याचा? आणि कोणत्या लक्षणांवर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे?

प्रतिसाद

ताई, मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्ण तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की काही गोष्टी ठामपणे सांगता येतील.

'खुबा दुखतो' असे सांगणारे बरेच लोक हात बाहेरच्या उंचवट्यावर किंवा मागे कुल्ल्यावर ठेवतात. बाहेरचे दुखणे बहुधा तिथल्या स्नायूंच्या कंडरांचे असते आणि त्या कुशीवर झोपल्यास वाढते. मागचे दुखणे पुष्कळदा कंबरेतून आलेले असते, आणि सायटिकेची कळ सहसा गुडघ्याखाली उतरते. प्रत्यक्ष सांध्याचे दुखणे मात्र जांघेत जाणवते, गुडघ्यापर्यंत पसरते आणि मांडी फिरवावी लागेल अशा प्रत्येक हालचालीत अडते. तुमच्या यजमानांचे वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी जुळते. कोलायटिसच्या रुग्णांत माकडहाडाजवळच्या सांध्यांचा दाहही होऊ शकतो. मात्र ते दुखणे कुल्ल्यात असते, सकाळी बराच वेळ ताठरपणा राहतो आणि हालचाल केल्यावर बरे वाटते.

स्टेरॉइडची मोठी मात्रा घेतलेल्या चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखत असेल, तर मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याचा रक्तपुरवठा खुंटला आहे का, हे आधी पाहावे लागते. याला अॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस किंवा एव्हीएन म्हणतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडनंतर अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले. अस्थिरोगतज्ज्ञांना ते फार आधीपासून ठाऊक आहे. सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे पूर्णपणे स्वच्छ दिसू शकतो, आणि बदल एमआरआयमध्येच सापडतात. तेव्हा तुमचा आग्रह मुळीच अवाजवी नाही. हा विकार अनेकदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दुसरी बाजू दुखत नसली तरी 'दोन्ही खुब्यांचा एमआरआय करावा का' असेच विचारा. हाडाचे डोके खचण्याआधी निदान झाले तर ते वाचवण्याचे उपाय करता येतात. खचल्यावर बहुधा सांधा बदलण्याचाच विचार करावा लागतो. त्यामुळे व्यायामाने फरक पडतो का हे पाहत आणखी महिने घालवू नयेत.

गोळ्यांच्या पाकिटांवरील घटक आजच वाचा. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या औषधांनी कोलायटिस पुन्हा उसळू शकतो, आणि आपल्याकडे पॅरासिटामॉलबरोबर एसिक्लोफेनॅक मिसळलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. पोटाच्या डॉक्टरांना फोन करून नुसते पॅरासिटामॉल किती घ्यावे ते ठरवून घ्या. जेलचा उपयोग मर्यादित, कारण हा सांधा फार खोल असतो. आजार बळावून वायसोलोन पुन्हा सुरू झालीच, तर हाडाच्या भीतीने ती परस्पर बंद करू नका. तो धोका वेगळा आणि मोठा आहे.

पायावर अजिबात भार देता न येणे, थंडीतापासह खुबा असह्य दुखणे, पडल्यानंतर पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. जांघेच्या आतल्या भागाला व गुदद्वाराभोवती बधिरता येऊन लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ती मणक्याची तातडी असते. कोलायटिसमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा संभव वाढतो, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली किंवा धाप लागली तरीही थांबू नये.

प्रतिसाद

मी चंद्रपूरचा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे हेच दुखणे तरुण मुलांमध्ये पाहायला मिळते. माझ्या धाकट्या भावाला कितीतरी दिवस गुडघ्याचेच उपचार चालू होते, कारण तो दुखणे गुडघ्यात आहे असे सांगत असे. खुबा कोणी तपासलाच नव्हता. त्याचे निदान एमआरआयवरच झाले. वहिनी, स्टेरॉइडच्या जुन्या चिठ्ठ्या, मात्रा आणि तारखा एका कागदावर लिहून न्या. गर्दीच्या ओपीडीत तोंडी सांगितलेला इतिहास अर्धाच ऐकला जातो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पोटाच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या फोनवरच थांबवायला सांगितल्या. त्यांत खरोखरच एसिक्लोफेनॅक होते. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि बँकेतली नोकरी असल्याने फार दिवस रजा घेता येणार नाही. तोपर्यंत काठी घ्यावी का? सासूबाई रोज मालीश करून पाय ओढून देतात, ते चालू ठेवावे का?

प्रतिसाद

पाय ओढणे आणि जोराची मालीश थांबवा. शेक घेण्यास हरकत नाही. खाली बसणे, उकिडवे बसणे आणि मोटारसायकल सध्या टाळा, आणि शौचासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. काठी जरूर घ्यावी, पण ती डाव्या हातात धरावी. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरण्याची सवय अनेकांना असते, त्याने सांध्यावरचा भार फारसा हलका होत नाही. जिना चढताना आधी डावा पाय वरच्या पायरीवर ठेवावा, आणि उतरताना आधी काठी व उजवा पाय खाली टेकवावा.