मदत हवी आहे: जिगसॉमधली रोमन भिंत काही जमेना

मंडळी, फ्रान्समधल्या ओरांजच्या रोमन नाट्यगृहाचं हजार तुकड्यांचं जिगसॉ लावायला घेतलंय. कडा, आकाश, प्रेक्षकांच्या अर्धगोल पायऱ्या झाल्या. घोडं अडलंय रंगमंचामागच्या भिंतीपाशी. मूळ भिंतच १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. चित्रातली निम्मी जागा तिनेच खाल्लीय, आणि सगळे तुकडे भाकरीच्या रंगाचे! मधल्या कोनाड्यातला सम्राट ऑगस्टसचा पुतळा आणि थोडेसे खांब तेवढे ओळखू आले. एके काळी ही भिंत संगमरवराने सजवलेली होती, तेव्हाचं चित्र असतं तर सोपं गेलं असतं.

अशा एकरंगी भागात तुम्ही तुकडे आकारावरून निवडता की सावल्यांवरून? आणि लावलेला भाग न मोडता जेवणाच्या टेबलावरून हलवायचा कसा? शनिवारी पाहुणे येताहेत.