यू मुंबाचा सोन्याचा काळ कोणता: २०१५ की २०१८? पोरांना कोणते सामने दाखवू?

शिट्टीबहाद्दर

मंडळातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांना पावसाळ्यात जुने प्रो कबड्डी सामने दाखवायचं ठरलंय. मैदान बंद असतं, प्रोजेक्टर आहे, आठवड्याला दोन तास मिळतात. पोरांना यू मुंबा (प्रो कबड्डीतला मुंबईचा संघ) म्हटलं की चढाईपटू सिद्धार्थ देसाई आठवतो, त्याआधीचं काहीच ठाऊक नाही. माझं मत २०१५ च्या संघाला आहे, पण ते केवळ विजेतेपदामुळे असू नये म्हणून विचारतो. खेळ म्हणून कोणता काळ सरस? नेमकं काय पाहायला सांगू? 'अनुप लय भारी होता' एवढ्यावर तासभर निघत नाही.

डावा कोपरा

२०१४ ते मार्च २०१६. पहिले तीनही हंगाम अंतिम फेरी, तेही दीड वर्षात. ३१ ऑगस्ट २०१४ ला वरळीत जयपूरकडून ३५-२४ हार, पुढच्या वर्षी तिथंच बंगळूरुवर ३६-३० विजय आणि तिसऱ्या हंगामात दिल्लीत पाटण्याकडून २८-३१ हार.

पोरांना सांगायचं ते हे: त्या संघाची चढाई आणि बचाव ही एकाच यंत्राची दोन चाकं होती. कर्णधार अनुप कुमारचा मुख्य धंदा बोनस, म्हणजे समोरच्यांची बोनस रेषा ओलांडून गुण आणणं. बोनसचा गुण मिळतो, पण त्यावर आपला बाद गडी आत येत नाही. गडी आत येतो तो समोरचा बाद केल्यावर किंवा पकड झाल्यावर. म्हणजे बोनसवर जगणाऱ्या संघाचे गडी मैदानात टिकलेच पाहिजेत, नाहीतर गुणफलक हलतो आणि मैदान रिकामं होत जातं. हे टिकवायचं काम कोपऱ्यांनी केलं: डावीकडे सुरेंदर नाडा, उजवीकडे मोहित छिल्लर. आत जीवा कुमार आणि विशाल माने. पकड झाली की एक गुण, समोरचा एक बाहेर, आपला एक आत. त्याच्या जिवावर अनुप निवांत बोनस वेचत फिरायचा.

दुसरी बाजूही दाखवा. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो. समोरचे पाचावर आले की अनुपचं हत्यार म्यान. तिथून पुढं शब्बीर बापू आणि रिशांक देवाडिगा. शब्बीर लांब हातांचा, रिशांक अंगावर जाणारा. समोर किती उभे आहेत ते पाहून चढाईला कोणाला पाठवायचं हे ठरायचं. मला त्या संघातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता कोपरा जवळून पाहा. निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायचीच ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यामागे १ मीटर. अर्धं मैदान ६.५ मीटर, म्हणजे बोनस रेषेमागे उरते फक्त १.७५ मीटरची पट्टी. कोपरारक्षक त्या पट्टीत. बोनसला पाय टाकणारा गडी घरापासून पावणेपाच मीटर लांब असतो, आणि मागचा पाय हवेत असल्याशिवाय बोनस धरत नाहीत. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका पायावर. नाडा नेमका तेव्हा खाली जायचा: दोन्ही हात घोट्याला, डोकं आतल्या बाजूला, छाती जमिनीलगत. पोरं पहिली चूक करतात ती इथं. गडी पाय टाकायच्या आधीच झेप घेतात, हाताला हवा लागते आणि गडी वरून टपली मारून जातो.

दुसरी चूक कोपऱ्याची नसते, मध्यरक्षकाची असते. घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नाही, तगडा गडी कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेवर नेतो. धरल्याबरोबर मध्यरक्षकाने घराच्या वाटेवर आडवं यायचं. मागून मिठी मारून उपयोग नाही, ढकलल्यासारखं होऊन गडी उलट पुढे सरकतो. जीवा कुमार पळत्या गड्याच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा राहायचा, ते दोन-तीनदा थांबवून दाखवा.

गुणलेखक

वरच्याशी सहमत. दाखवायचं कसं, त्याबद्दल.

नुसता सामना लावलात तर दहाव्या मिनिटाला पोरं मोबाइल काढतील. प्रत्येक जोडीला एक कागद द्या, त्यावर पाच रकाने: चढाईचा क्रमांक, समोर किती उभे, बोनस मिळाला का, पकड सुरू कोणी केली, दुसरा कोण आला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि पोरं तोच रिकामा सोडतात.

अडचणी आधीच सांगतो. प्रक्षेपणात पकड झाली की लगेच पुन्हा दाखवतात, तेवढ्यात पुढची चढाई सुरू झालेली असते, मोजणी चुकते. उभे गडी चित्रात मोजू नका, पडद्यावरच्या गुणफलकात मैदानातल्या गड्यांची खूण असते ती वाचा. बोनस मिळाला की नाही हे पायावरून कळत नाही, पंचांचा अंगठा वर झाला का ते बघा. आणि पूर्ण सामना नको. पहिली १० मिनिटं आणि शेवटची ५, बस. मधलं लोण पडतं, म्हणजे अख्खा संघ बाद होतो, तेवढं वेगळं काढा.

२०१५ चा अंतिम सामना लावलात तर शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळाकडे लक्ष द्यायला सांगा. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंद. आघाडीवर असलेला संघ निदान रेषा ओलांडून, वेळ खाऊन, रिकाम्या हाताने परत येऊ शकतो, पण सलग दोनदाच. तिसरी चढाई करो या मरो, गुण नाही तर बाद. म्हणून वेळ मारून नेणारा संघ तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवतो ते बघायचं. बोनसबहाद्दर पाठवायचा तर समोर सहा हवेत. समोर पाच किंवा कमी असतील तर गडी टिपणाराच लागतो. हे गणित ज्या पोराला जमलं तो कर्णधार करा.

लालमाती

यू मुंबाचा सोन्याचा काळ म्हणताय ते ठीक, पण अनुप, नाडा हरयाणाचे, छिल्लर दिल्लीचा. आपल्या मातीतले म्हणाल तर विशाल माने, रिशांक. महाराष्ट्राचा म्हणून काळ दाखवायचा असेल तर जानेवारी २०१८ ची हैदराबादची राष्ट्रीय स्पर्धा दाखवा. रिशांक कर्णधार, अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ ने हरवलं, ११ वर्षांनी विजेतेपद. गिरीश एर्नाकचा डावा कोपरा बघा, नाडाच्या तोडीस तोड.

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट. तुमची पोरं मातीवर खेळतात की मॅटवर? प्रो कबड्डीतलं सगळं मॅटवरचं आहे. बुटामुळे चढाईपटू पंजावर गर्रकन वळतो, मातीत तोच पाय घसरतो किंवा रुततो. मॅटवरची घोट्याची पकड मातीत जशीच्या तशी लावली तर कोपर सोलून निघतं. मातीत कोपऱ्याने अर्धा पाऊल उशिरा निघालं तरी चालतं, मॅटवर नाही. आणि किशोर गटाचं मैदान लहान असतं, तेव्हा ३.७५ मीटरची मापं पोरांना पाठ करून घेऊ नका, गोंधळ होईल.

डावा कोपरा

@लालमाती, मातीचा मुद्दा बरोबर. हरयाणाचा मुद्दा दर वेळी निघतो. लिलावाच्या खेळात संघ शहराचा असतो तो प्रेक्षकांमुळे. वरळीच्या प्रेक्षकांनी अनुपला परका कधी मानला नाही.

@शिट्टीबहाद्दर, २०१५ नंतर चौथा हंगामही दाखवा, घसरण कशी होते ते कळेल. २०१६ च्या लिलावात छिल्लर आणि नाडा दोघेही बंगळूरुला गेले. छिल्लरवर ५३ लाखांची बोली लागली, त्या लिलावातली सर्वोच्च. २०१५ मध्ये आणलेला फझल अत्राचली पाटण्याला गेला. एका झटक्यात डावा गेला, उजवा गेला आणि डाव्याचा वारसदारही गेला. अनुप, रिशांक होतेच. पण कोपरे नसल्यावर गडी टिकेनात, गडी टिकेनात तर बोनस पुरेना. संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीला मुकला, आठात पाचवा. अनुप-रिशांक तेच, निकाल वेगळा. याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

शिट्टीबहाद्दर

मग सिद्धार्थचा २०१८ चा हंगाम कुठे बसवायचा? पोरं तेच मागतात.

गुणलेखक

मागतात तर द्या, जेवणानंतरचं श्रीखंड म्हणून. चंदगडचा गडी, पहिलाच हंगाम, ३६.४ लाखांत घेतलेला, २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण. ताकद आणि लांब हात यांचा असा मेळ क्वचित दिसतो. फझल परत आलेला, कर्णधार, पकडीचे ८३ गुण. कागदावर २०१५ पेक्षा भारी.

पण तक्ता भरून बघा. सिद्धार्थ बाद होऊन बाहेर बसला की पुढच्या चार-पाच चढायांत काय होतं ते वेगळ्या रंगाने लिहा. एका माणसावरचा संघ कसा दिसतो ते तिथं कळतं. बाद फेरीत यूपी योद्धाने पहिल्याच सामन्यात बाहेर काढलं. पुढच्या वर्षी सिद्धार्थ १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे.

बालेवाडीकर

धागा मुंबईचाच का? पुण्याचं नाव घेतलं तर चालेल ना?

पहिल्या दोन्ही हंगामांत पुणेरी पलटण शेवटून पहिली, हे आधी कबूल करतो म्हणजे कोणी टोमणा मारायला नको. पण २०२३-२४ चा दहावा हंगाम पोरांना दाखवलाच पाहिजे, कारण तो यू मुंबाच्या २०१५ च्या बरोबर उलटा खेळ आहे. तिकडे कामं वाटलेली: बोनसवाला वेगळा, टिपणारा वेगळा, कोपरे वेगळे. इकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत चढाई करतात आणि पकडीतही उतरतात. पंकज मोहिते, आकाश शिंदे धरून चार चढाईपटू, एक बाद झाला तर दुसरा त्याच तोलाचा. मोहम्मदरेझा शादलुई डाव्या कोपऱ्यात (२.३५ कोटी, पकडीचे ९९ गुण), उजवीकडे गौरव खत्री, मध्ये अबिनेश नादराजन आणि आपला संकेत सावंत. २२ पैकी १७ सामने जिंकून ९६ गुणांसह अव्वल, उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सवर २८-२५.

त्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले. सामना जिंकला तीन गुणांनी. ती चढाई दहा वेळा लावा, पण पंकजकडे नव्हे, हरयाणाच्या बचावाकडे बघायला सांगा. गडी आत आल्यावर एकाने झेप घेतली की बाकीचे आपोआप ओढले जातात आणि गर्दीत पकडणारेच बाद होतात. पहिल्याची पकड सुटली हे दिसल्यावर तिसऱ्या-चौथ्याने मागे हटायचं असतं. पोरांना ही सवय सरावातच लावावी लागते, सामन्यात ऐनवेळी सुचत नाही.

आणि एक दुवा. २०१९ पासून दोन हंगाम पुण्याचा प्रशिक्षक अनुप कुमार होता. पंकज पहिल्यांदा दिसला तो त्याच्या हाताखाली, अस्लम आणि मोहितही तसेच. नंतर बी. सी. रमेश आले आणि विजेतेपद त्यांच्या काळात मिळालं, श्रेय त्यांचंच. पण अस्लम बोनसला जाताना पाय कसा लांबवतो, घाई न करता कोपऱ्याला कसा झुलवतो ते बघा आणि मग २०१४ चा अनुप लावा. शेजारी शेजारी.

लालमाती

हे आवडलं. मुंबईचं दुकान, माल पुण्याला.

शिट्टीबहाद्दर

ठरलं मग. पहिला आठवडा २०१५, दुसरा चौथा हंगाम, तिसरा सिद्धार्थ, चौथा पुणे. एक शंका राहिली. तिसऱ्या हंगामाचा पाटण्याविरुद्धचा अंतिम सामना लावू का? पाटण्याच्या परदीप नरवालची डुबकी (बचावपटूंच्या हातांखालून निसटणं) पाहून पोरं दुसऱ्या दिवशी तेच करायला जातील.

डावा कोपरा

लावा, पण डुबकी मारायला नाही, अडवायला शिकवा. साखळी (हातात हात धरलेले बचावपटू) बंद होताना दोघं ताठ उभे राहतात, हात खांद्याच्या उंचीला जातात आणि खाली कमरेएवढं भोक पडतं. परदीप तिथूनच निसटायचा. साखळीतल्या आतल्या गड्याने गुडघे वाकवून छाती खाली आणायची, हात गड्याच्या कमरेखाली ठेवायचे. डुबकी मारायचा हट्ट धरतील त्यांना गादीवरच करू द्या, मातीवर अजिबात नको, कारण पहिला फटका मानेला बसतो.