मदत हवी आहे: पत्नीचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना भारतात जाऊन येता येईल का?

मिरजकर_एडिसन: माझ्या सासूबाईंची बायपास शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी मिरजेत ठरली आहे. पत्नीचा एकुलता भाऊ मस्कतला असतो आणि त्याला रजा मिळत नाही, त्यामुळे हिला जाणे भाग आहे. तिचा ग्रीन कार्डचा अर्ज आम्ही चार महिन्यांपूर्वी भरला, बोटांचे ठसेही देऊन झाले आणि पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे. तिकिटाचे दर रोज वाढत आहेत, तेव्हा ती जाऊन परत येऊ शकते की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

अनघा_शार्लट: व्हिसा चालू आहे, पण कोणता? तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात की ग्रीन कार्डधारक? फक्त आय-१३० (पतीने पत्नीसाठी करायची याचिका) भरला आहे की आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मिळवण्याचा अर्ज) सुद्धा? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

सातारकर_बे_एरिया: निर्धास्त जाऊ द्या. २०२२ साली आमचा अर्ज प्रलंबित असतानाच माझी पत्नी दिवाळीला साताऱ्याला जाऊन आली आणि विमानतळावर तिला कोणी अडवले नाही.

अनघा_शार्लट: त्या एच-४ वर, म्हणजे एच-१ वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर होत्या का?

सातारकर_बे_एरिया: होय, एच-४ वर. त्याने काय फरक पडतो?

अनघा_शार्लट: सगळा फरक तिथेच आहे. अर्ज प्रलंबित असतानाही एच-१, एच-४ आणि एल (कंपनीतर्फे बदली होऊन आलेले व त्यांचे कुटुंबीय) वर्गातल्या लोकांना आपला दर्जा टिकवून वैध व्हिसावर परत येण्याची सवलत आहे, इतर बहुतेकांना नाही. आपला अनुभव सरसकट सर्वांना लावू नये, समोरच्याचा अर्ज त्यामुळे बुडू शकतो.

मिरजकर_एडिसन: पत्नी एमएससाठी आली, तेव्हा व्हिसा अर्थातच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आहे आणि तो पुढच्या वर्षापर्यंत वैध आहे. मी गेल्या वर्षी नागरिक झालो आणि १३० व ४८५ एकत्रच भरले. आय-१३१ (प्रवासाच्या परवानगीचा अर्ज) देखील सोबत भरला होता, पण त्यावर काहीच हालचाल नाही. आता तरी सांगा.

आबा_डॅलस: मग स्पष्ट सांगतो. एफ-१ चा शिक्का इथे उपयोगाचा नाही. ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ लेखी परवानगी) हातात येण्यापूर्वी वहिनींनी देश सोडला, तर त्यांनी ४८५ सोडून दिला असे धरले जाईल, आणि आय-१३१ ची नुसती पावती परोलची जागा घेत नाही. तिकीट आज काढू नका.

कोथरूडचा_वाचक: त्यापेक्षा ४८५ मागे घ्या आणि कॉन्सुलर प्रोसेसिंग करा, म्हणजे भारतातून इमिग्रंट व्हिसा घेऊन या. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या वकिलातीत होतात, मिरजेहून ते सोयीचेच आहे.

अनघा_शार्लट: त्यांनी हे विचारलेले नाही. तसे केले तर पती-पत्नी कित्येक महिने दोन देशांत राहतील. विचारले आहे ते तीन आठवड्यांबद्दल.

आबा_डॅलस: तातडीचा परोल मिळतो. यूएससीआयएसच्या (अमेरिकेचे इमिग्रेशन खाते) संपर्क केंद्राला फोन करून स्थानिक कार्यालयाची वेळ मागा आणि कारण वैद्यकीय असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीच्या वेळी मी सोबत होतो. आय-१३१ नव्याने भरावा लागला, शुल्क पुन्हा द्यावे लागले, शिवाय दोन फोटो आणि ४८५ ची पावती. डॉक्टरांच्या पत्रात शस्त्रक्रिया ‘लवकरच’ करावी लागेल एवढेच होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्या शब्दावर पेन टेकवून तारीख विचारली आणि आम्हाला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तारीख आणि रुग्णाशी असलेले नाते घातलेले, लेटरहेडवरचे पत्र नेले, तेव्हा दुपारपर्यंत फोटो चिकटवलेला कागद हातात पडला. मराठीतला जन्मदाखला असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर अनुवादकाच्या सहीच्या प्रमाणपत्रासह जोडा.

सातारकर_बे_एरिया: माझे आधीचे उत्तर चुकीचे होते, मिरजकरांनी ते धरू नये. परोल असला तरी परतताना विमानतळावर वेगळ्या खोलीत बसवतात, म्हणून पुढच्या विमानासाठी मध्ये किमान चार तास ठेवा.

मिरजकर_एडिसन: मनापासून आभार. फोनवर सव्वा तास थांबल्यावर गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. रुग्णालयाचे पत्र आणायला हिचा मावसभाऊ निघाला आहे, त्याला तारीख आणि नाते दोन्ही लिहून घ्यायला सांगितले. एकच शंका उरली: हिच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव आहे आणि पासपोर्टवर लग्नानंतरचे. विवाह प्रमाणपत्र सोबत नेले तर पुरेल का?

आबा_डॅलस: मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही न्या. आमच्याकडून तेवढेच मागितले होते.