ब्रेशियात सोने नेमके कुठे साठते?

प्रश्न: कोलोरॅडोतील क्रिपल क्रीक येथे सोने ब्रेशियात (तुटक्या तुकड्यांनी बनलेल्या खडकात) सापडते, असे वाचले. क्वार्ट्झच्या शिरांऐवजी फुटलेल्या खडकात ते कसे येते?

माधवी: सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी अल्कलीयुक्त मॅग्मा वर येताना त्यातील वायू आणि तापलेले भूजल यांच्या स्फोटांनी प्रीकॅम्ब्रियन, म्हणजे अतिप्राचीन, ग्रॅनाइट व नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) फुटले, फोनोलाइट हा ज्वालामुखी खडकही फुटला, आणि त्या तुकड्यांमधील भेगांतून नंतर आलेल्या उष्ण द्रवांनी सोने टाकले. थोडक्यात, स्फोटाने फक्त वाट मोकळी केली; सोने मागून आले. आणि शिरा तिथेही आहेतच, फक्त बारीक.

प्रश्नकर्ता: मग ते डोळ्यांना दिसते का?

सुहास: बहुधा नाही, कारण ते टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेले असते. कॅलॅव्हेराइट हे खनिज फिकट पितळी दिसते, पण त्यात वजनाने सुमारे ४० टक्के सोने असते. तापवले की टेल्युरियम उडून जाते आणि पृष्ठभागावर सोन्याचे बारीक थेंब फुटतात. अपवाद क्रिपल क्रीकच्याच क्रेसन खाणीचा: १९१४ साली तिथे खोलीएवढी पोकळी उघडली, तिच्या भिंती या स्फटिकांनी मढलेल्या होत्या आणि खाणवाल्यांनी तोंडावर पोलादी दारे बसवली.

माधवी: एक दुरुस्ती. असा प्रत्येक ब्रेशिया सोनेरी नसतो. बहुतेक वांझच निघतात.