मदत हवी आहे: लेकीला जॉर्ज वॉशिंग्टनच्या विरोधात केस लढवायचीये

नमस्कार मंडळी. आम्ही पिट्सबर्गला असतो, मुलगी आठवीत आहे. त्यांच्या शाळेत जुनी खरी केस घेऊन मुलांनी वकील, ज्युरी वगैरे व्हायचं असा प्रकार आहे, चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या बाईसाहेबांच्या वाट्याला नेमकी हरलेली बाजू आली. समोर वादी कोण तर साक्षात जॉर्ज वॉशिंग्टन. ती रडकुंडीला आलीये आणि मी इंजिनियर माणूस, कोर्टाशी संबंध एवढाच की गावी बांधावरून काकांशी वीस वर्षं तारखा चालल्यात. तर जमिनीचं कळणाऱ्यांनी मदत करा प्लीज.

केस अशी. इथून गाडीने तासाभराच्या आत मिलर्स रन म्हणून ओढा आहे, त्याच्या काठची २,८१३ एकर जमीन. फ्रेंचांशी झालेल्या लढाईतल्या सैनिकांना १७६३ च्या जाहीरनाम्याने जमिनी मिळणार होत्या. त्यात वॉशिंग्टनचा शेजारी कॅप्टन पोझी याचा ३,००० एकरांचा हक्क होता, पण तो कर्जात बुडालेला, मग वॉशिंग्टनने १७७० मध्ये तो हक्क ११ पौंड ११ शिलिंग ३ पेन्सला उचलला. (हो, ३,००० एकर. मीपण दोनदा वाचलं.) १७७१ मध्ये विल्यम क्रॉफर्डने जागेवर जाऊन मोजणी केली, हा त्याचा तिकडचा खास माणूस. १७७४ च्या जुलैत व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने पेटंट दिलं, म्हणजे आपल्याकडची सनद म्हणा.

मधल्या काळात, १७७३ च्या शेवटी, सीसीडर या ख्रिस्ती पंथाचे, स्कॉटिश वळणाचे प्रेस्बिटेरियन लोक तिथे येऊन बसले. जंगल तोडलं, कुंपणं घातली, घरं बांधली. जमीन मोकळी राहू नये म्हणून क्रॉफर्डने एक केबिन बांधून त्यात माणूस ठेवला होता, तर या लोकांनी त्याच्या दाराला चिकटून आपलं घर उभं केलं, इतकं की त्या बिचाऱ्याला स्वतःच्या दारातून आत शिरता येईना. हे क्रॉफर्डने पत्रात लिहिलंय. वाचून मला आमचे काकाच आठवले.

मग अमेरिकेचं क्रांतियुद्ध आलं आणि सगळं लांबलं. सप्टेंबर १७८४ मध्ये वॉशिंग्टन स्वतः घोड्यावरून आला. रविवार होता, लोक फार धार्मिक आहेत म्हणून एक दिवस थांबला, आणि २० तारखेला डेव्हिड रीडच्या घरी जेवून बोलणी केली. एकरी २५ शिलिंगने विकत घ्या, तीन वर्षांच्या हप्त्यांत, व्याजासकट, नाहीतर ९९९ वर्षांचा भाडेपट्टा, दर शंभर एकराला वर्षाला १० पौंड. एकेकाला विचारलं आणि एकेकाने सांगितलं की आम्ही कोर्टात बघू. त्याने लाल रुमाल हातात धरून 'हा जसा माझा तशी ही जमीन माझी' असं म्हटल्याची गोष्ट इकडे सांगतात, खरीखोटी देव जाणे.

ऑक्टोबर १७८६ मध्ये वॉशिंग्टन नावाच्याच गावात, मुख्य न्यायाधीश थॉमस मॅककीनसमोर केस चालली. वॉशिंग्टनच्या बाजूने वकील थॉमस स्मिथ आणि वस्तीवाल्यांकडून ह्यू हेन्री ब्रॅकनरिज. ज्युरीने वॉशिंग्टनला जमीन दिली. लेक ब्रॅकनरिज आहे. तेरा वर्षं कसलेली जमीन हातची जाते, तर तिने नेमकं काय बोलावं की निदान ज्युरी विचारात पडेल? ताबा वगैरेचा काही नियम असतो ना?

बांधकोरा:
हाहा, दाराला चिकटून घर! आमच्याकडे गोठा बांधतात, एवढाच फरक.

मुलीला सांगा 'कसेल त्याची जमीन'. आमच्या आजोबांना १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्याने जमीन मिळाली, सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव लागलं तेव्हा घरात पेढे वाटले होते म्हणे.

काळाकोट:
बांधकोराभाऊ, तो मुद्दा चालणार नाही. तुमचे आजोबा कूळ होते, खंड देत होते, मालकाला मालक मानत होते. हे लोक तर मालकच मानत नव्हते आणि ९९९ वर्षांचं कूळ व्हायला पण तयार नव्हते, नाहीतर भांडण उरलंच नसतं.

धागाकर्ते, जमिनीच्या केसेस करतो म्हणून लिहितो. प्रतिकूल ताब्याच्या (मालकाच्या विरोधात ठरावीक वर्षं उघड कब्जा ठेवला की जमीन आपली) मागे लागू नका. आपल्याकडे खासगी जमिनीला १२ वर्षं लागतात, पेनसिल्व्हेनियाने १७८५ मध्ये २१ वर्षं ठरवली. १७७३ च्या अखेरीपासून धरलं तर वॉशिंग्टन दारात आला तेव्हा अकरासुद्धा पूर्ण नव्हती. शिवाय त्याचा माणूस पहिल्या दिवसापासून हरकत घेत होता. तिथे पोरगी अडकेल.

दोन गोष्टी पक्क्या करा. एक, हा इजेक्टमेंटचा म्हणजे कब्जा परत मागायचा दावा आहे, त्यात वादीने स्वतःच्या हक्काच्या जोरावर जिंकायचं असतं, समोरच्याचा कागद कच्चा आहे एवढ्यावर नाही. म्हणून आपला हक्क सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याची साखळी तोडायची, पोझी ते मोजणी ते सनद, एकेक कडी. क्रॉफर्डला ती मोजणी करायचा अधिकार कुणी दिला? आणि त्याला साक्षीला बोलवा म्हणावं. तो १७८२ मध्येच मारला गेला, डेलावेअर या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी जाळून मारलं. मोजणी करणाराच साक्षीला नाही ही वादीची मोठी अडचण होती.

दुसरी गोष्ट खरी मजेची. ही जमीन व्हर्जिनियाची की पेनसिल्व्हेनियाची यावरच दोन राज्यांची मारामारी होती. बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको, ऑफिस एकाचं, पाटी दुसऱ्याची. शेवटी दोघांचा करार झाला, १७८० पर्यंत तो पक्का झाला आणि भाग पेनसिल्व्हेनियाकडे गेला. पण करारात असं घातलं की दोन्हीकडच्या लोकांचे आधी मिळालेले हक्क कायम राहतील आणि भांडण झालं तर जो हक्क आधीचा तो वरचढ, मग तो कुठल्याही राज्यातून मिळालेला असो. म्हणजे सगळी केस 'आधी कोण' यावर येते. सनद १७७४ ची, वस्ती १७७३ ची. वस्ती आधीची! तो म्हणणार मोजणी १७७१ ची. तुमची लेक म्हणणार, मोजणी म्हणजे हक्क नव्हे, आमच्याकडे पण मोजणीदार येऊन खुणा घालून गेला म्हणून जमीन कुणाची होत नाही. ज्युरीपुढे हेच घोळवायचं.

केंटकीवाली:
आम्ही लुईव्हिलला राहतो. इकडे तर एकाच जमिनीवर तीन तीन माणसांचे कागद, कौलांसारखे एकावर एक चढलेले. जुना वाटाड्या डॅनियल बून, ज्याच्या नावाने निम्म्या राज्याला नावं दिलीत, त्याचे स्वतःचे दावे असेच गेले. लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडलं त्यातही जमिनीच्या हक्काची कटकट हे एक कारण होतं.

मला वाटतं ताईने दुसरी मागणी ठेवावी. जमीन त्याची ठरवायची तर ठरवा, पण जंगल होतं त्याची शेतं आम्ही केली, कुंपण, धान्याची कोठारं, त्याचे पैसे द्या. केंटकीने १७९७ आणि १८१२ मध्ये असेच कायदे केले होते, मालकाने कब्जा घेण्याआधी सुधारणांची किंमत मोजायची. सुप्रीम कोर्टाने ग्रीन विरुद्ध बिडल या केसमध्ये १८२३ ला ते रद्द केले, कारण केंटकी वेगळं होताना व्हर्जिनियाशी झालेल्या कराराचा भंग होतो म्हणून. केस १७८६ ची आहे, त्यामुळे हे कायदे ती दाखवू शकणार नाही, पण न्यायाचा मुद्दा म्हणून मांडता येईल.

धागाकर्ता:
काळाकोटसाहेब आणि केंटकीवाली ताई, खूप आभार. लेकीने 'मोजणी म्हणजे हक्क नव्हे' हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवलंय आणि ११ पौंडांचा हिशोब पण केला, एकरी २५ शिलिंगने साडेतीन हजार पौंड होतात, ढोबळ. ज्युरीपुढे हे काढायचं म्हणते. तसं पाहिलं तर १७९६ मध्ये त्याने ती १२,००० डॉलरला विकली, तेही हप्त्यांवर, ते तिला आत्ताच्या आत्ता घुसवायचंय, पण मी म्हटलं केसनंतरचं चालत नाही.

रानवाटा:
सगळे कागद आणि वस्ती बोलतायत, मूळच्या लोकांचं कुणीच नाही बोललं. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय लोकांनी हा मुलूख देऊन टाकला, पण तिथे शिकार करणाऱ्या शॉनी आणि डेलावेअर लोकांना विचारलंच नव्हतं. वॉशिंग्टनने १७६७ मध्येच क्रॉफर्डला लिहिलं होतं की डोंगरांपलीकडे वस्ती करू नये हा राजाचा मनाई हुकूम म्हणजे तिथल्या मूळच्या (इंडियन) लोकांना शांत करायची तात्पुरती सोय आहे, तू गुपचूप चांगल्या जमिनी हेरून ठेव. हे पत्र वादीची चांगुलपणाची हवा काढायला बरं पडेल.

काळाकोट:
पत्र भारी आहे पण जपून. 'आधी कोण' म्हणून आपणच ओरडायचं आणि मग शॉनींचं नाव काढायचं, तर समोरचा म्हणेल तुमच्या अशिलांनी तरी कुणाला विचारलं होतं?

धागाकर्ता:
बरोबर. आता एकच राहिलं. ते दाराला चिकटून बांधलेल्या घराचं काय करायचं? पोरगी म्हणते हे आपणच आधी सांगून टाकू, म्हणजे प्रामाणिक वाटू.

काळाकोट:
अजिबात नाही. समोरच्या वकिलाने काढेपर्यंत गप्प बसायचं. काढलंच तर विचारायचं, खिडकी होती का?