सांगली पासिंग वॅगनआर, मालक दुबईत, विसार आजच मागतोय. टाकू का?

सातारी_पोरगा
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आईवडिलांसाठी जुनी गाडी बघतोय, साताऱ्यातच फिरवायची, बजेट तीन लाखाच्या आतबाहेर. ऑनलाइन जाहिरातीत २०१७ ची वॅगनआर सापडली, सीएनजी, एमएच १०, मीटर ५२ हजार, फर्स्ट ओनर. तशा बाकीच्या गाड्या सव्वातीन साडेतीनला दिसतायत आणि हा माणूस दोन साठ म्हणतोय. बोलायला एकदम साधा आहे हो. गाडी त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, मेव्हणा कामाला दुबईला गेलाय, जाताना टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या करून गेलाय म्हणे. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतोय पण लोन केव्हाच फिटलंय, फक्त एनओसी आणायची राहिलीय असं म्हणतो. गाडी सध्या हडपसरला मित्राच्या सोसायटीत उभी आहे. आज संध्याकाळी नाशिकची पार्टी येणारे, तेव्हा वीस हजार विसार टाका, गाडी धरून ठेवतो, नाही पटली तर परत देतो असं चाललंय त्याचं. आरसीचा फोटो, मेव्हण्याच्या आधारचा फोटो, क्यूआर कोड, सगळं आलंय. मी मागितलं पण नव्हतं. टाकू का?

रिकामटेकडा
नाशिकची पार्टी प्रत्येक गाडीला येते राव. मी बघत होतो तेव्हा ती कोल्हापूरहून यायची.

हिंजवडी_ते_घर
गाडीला हात लावल्याशिवाय एक रुपया टाकू नकोस. आणि न मागता आधार पाठवतो म्हटल्यावरच पाल चुकचुकायला हवी होती. फौजी बनून फसवणारे हेच करतात, वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार, सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी. मग म्हणे बदली झालीय, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला आहे, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, आधी ट्रान्सपोर्टचे भरा, मग गेटपासचे, मग कसलं तरी रिफंडेबल डिपॉझिट, आणि गाडी काही येत नाही कारण फोटोच दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले. तुझा माणूस फौजी नाही पण घाई तीच आहे.

अजून एक, विसार परत देताना "हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे येतील" असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की जातात. आणि गेलेच तर रडत बसायचं नाही, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रक्कम अडवता आली तर आली, दुसऱ्या दिवशी फोन करून फार उपयोग नसतो.

मिरजेचा_फिटर
मी मिरजेत गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. एमएच १०, २०१७ ची, आणि स्वस्तात पुण्यात विकायला. माझा पहिला प्रश्न हाच, ही गाडी ऑगस्ट २०१९ ला कुठं उभी होती, आणि जुलै २०२१ ला कुठं? २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेलती, धोक्याची पातळी ४५ आहे. मारुती चौक, गावभाग, शामरावनगर, काय काय गाड्यांचे नुसते टप दिसत होते. त्यातल्या टोटल लॉस झालेल्या, म्हणजे इन्शुरन्सनं दुरुस्तीपलीकडच्या ठरवलेल्या, गाड्या लिलावातून उचलून, धुऊन पुसून परत रस्त्यावर आणणारे लोक आहेत. आमच्याकडं लोक लगेच विचारतात पुरातली आहे का म्हणून, त्यामुळं असला माल इथं खपवायला जड जातो, मग लांबची गिऱ्हाइकं बघतात. चिपळूणच्या पुरातल्या गाड्यांचं पण तेच. सगळ्या एमएच १० वाईट असं न्हाई म्हणत मी, माझी स्वतःची पण एमएच १० च आहे.

कसं ओळखायचं सांगतो. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, अगदी अडेपर्यंत. जो पट्टा कायम आत गुंडाळलेला असतो त्याच्यावर गाळाची पिवळट रेघ राहते. धुणारा माणूस सीट धुतो, कव्हर नवीन घालतो, मॅट बदलतो, पण पट्टा शेवटपर्यंत ओढून घासत कोण बसत न्हाई. मग सीट पुढं मागं सरकव आणि खालच्या रेल्स, सीटचे बोल्ट बॅटरी लावून बघ, इतक्या जुन्या गाडीत थोडा गंज चालतो पण पापुद्रे सुटलेले असले तर विषय संपला. डिकीत स्टेपनी काढून खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरव, माती हाताला लागते. डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून वायरींचे जोड बघ, हिरवट बुरशीसारखं दिसलं तर उठून ये. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असला तर काचा बंद करून एसी फुल करून पाच मिनिटं बस, खरा वास येतोय का बघ. इंजिन उघडून नीट करता येतं, पाणी गेलेलं वायरिंग न्हाई. आज सेन्सर, उद्या पॉवर स्टेअरिंग, तुझ्या वडलांना रस्त्यावर उभं करंल ती.

मीटरचं म्हणशील तर ५२ हजारावर विश्वास ठेवू नकोस, मीटर पाडून देणारी पोरं तालुक्याला पण मिळतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर ५२ हजार, असं जमत न्हाई. टायरवर चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारी टायर नवे असले तर जुने कधी आणि किती किलोमीटरला संपले ते विचार आणि त्याचं तोंड बघ. सगळ्यात सोपं म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन हिस्ट्री विचारायची, मालकाला सोबत घेऊन गेलास तर देतात बहुतेक ठिकाणी, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं आणि अ‍ॅक्सिडेंटचं नाहीतर पुराचं मोठं काम झालं असंल तर ते पण.

सीएनजी किट आरसीवर चढवलंय का तेवढं बघ. टाकीला दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते, टाकीवरच्या पाटीवर तारीख असते.

सातारी_पोरगा
बापरे. फिटरभाऊ धन्यवाद. सीट कव्हर एकदम नवीन कोरी आहेत फोटोत 😐 आणि त्या बोज्याचं काय? लोन फिटलंय तर मग आरसीवर बँक कशी काय दिसते?

फॉर्म_तीस
दिसू शकते, त्यात नवल नाही. लोन फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घेऊन आरटीओत द्यावा लागतो आणि लोक वर्षानुवर्षं देत नाहीत. पण हप्ते थकलेली गाडी विकणारा पण अगदी हेच वाक्य बोलतो, आणि मग तू पैसे देऊन बसतोस आणि दोन महिन्यांनी बँकेची माणसं येऊन गाडी ओढून नेतात. तेव्हा त्याच्याकडून लोन खात्याचा नंबर घे आणि ज्या शाखेचं लोन आहे तिथे कुणाला तरी पाठव. एनओसीचा पीडीएफ पाठवला तर तो पण शाखेत दाखवायचा, खोटी लेटरहेड काय कुणीही छापतं. रक्कम शिल्लक निघाली तरी सौदा मोडायची गरज नाही, तेवढे पैसे तू थेट लोन खात्यात भरायचे आणि उरलेले मालकाला. मालकाला म्हणजे आरसीवर नाव आहे त्याच्या खात्यात. मेव्हणा, मित्र, भाचा यांच्या क्यूआरवर नाही. सगळे कॅश द्या म्हणाला तर सांग की दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेतलेली चालत नाही, दंड घेणाऱ्याला बसतो.

एमपरिवहनवर, त्या सरकारी अ‍ॅपवर, नंबर टाकून बघितलास का? मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं पण पहिली अक्षरं आधारशी जुळतात का कळतं, शिवाय इन्शुरन्स, पीयूसी, बोजा, ब्लॅकलिस्ट. चलन वेगळं तपास. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी प्रत्यक्ष गाडीवर ताडून बघायचे, फोटोवर नाही. नंबर खोदलाय त्या जागेच्या आजूबाजूला घासल्यासारखं किंवा नवा रंग मारल्यासारखं वाटलं तर तिथून निघायचं, भंगारात गेलेल्या गाडीची कागदं चोरीच्या गाडीला लावतात ते असंच.

जुनी पॉलिसी पण माग. एकाच मालकाकडे इतकी वर्षं क्लेम न करता गाडी राहिली असेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. शून्य किंवा २० दिसला तर मधे क्लेम झालाय किंवा पॉलिसी तुटलीय, कसला ते विचार. आणि तो बोनस तुला मिळणार नाही बरं का, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्यायची, नाहीतर थर्ड पार्टीचं निभावतं पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

बाणेरची_काकू
मी विकणाऱ्यांच्या बाजूने बोलते, कारण इथे सगळे विकणाऱ्याला चोर ठरवून मोकळे झालेत. आम्ही आमची जुनी गाडी थेट एका मुलाला विकली, ह्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे त्याच टीटी फॉर्मवर, सह्या करून दिल्या, मुलगा म्हणाला काकू करून घेतो ट्रान्सफर. नंतर चलनं ह्यांच्या मोबाईलवर, एक भिवंडीचं, एक नगर रोडचं. मग ह्यांनी त्याच्या घरी जाऊन बसून ते काम करून घेतलं. कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचंय आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचाय, पण करतं कोण. २०१८ ला सुप्रीम कोर्टात एक केस झाली ना, गाडी हातोहात पुढे विकली गेली होती आणि अपघाताची भरपाई शेवटी आरसीवर नाव राहिलेल्या माणसावर आली.

म्हणून सांगते, खरा मालक ट्रान्सफरसाठी तुझ्यापेक्षा जास्त मागे लागलेला असतो. आरटीओला मी येतो, ओटीपी माझ्या मोबाईलवर येईल, आज काम उरकून टाकू, असं तो म्हणतो. दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसच्या बिलांची फाईल समोर ठेवतो. सह्या करून ठेवल्यात, तुम्ही सवडीने करा, असं निवांत कोण म्हणतं? ज्याच्या नावावर काहीच नाही तो. डीलरकडेच जा असं मात्र नाही म्हणणार मी, तिथे तीच गाडी पॉलिश करून चाळीस हजार जास्त घेतील.

सातारी_पोरगा
काकू हे पटलं. मी त्याला म्हटलं मेव्हण्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला द्या, तर म्हणतो दुबईत व्हॉट्सॅप कॉल चालत नाही 😂 काहीही फेकतोय.

देइराचा_दादा
नाही भाऊ, हे मात्र खरं आहे. मी इथेच आहे, यूएईत व्हॉट्सॅपचे कॉल बंद असतात. पण म्हणून कुणी घरच्यांशी बोलायचं थांबलेलं नाही, बोटिम नावाचं कॉलिंगचं अ‍ॅप आहे, नाहीतर साधा फोन लावायचा. त्याला म्हण बोटिमवर लावा, लोकांना पोरांची तोंडं बघायची असतात, मेव्हण्याकडे ते नसेल हे मला पटत नाही. आणि खरंच इकडून गाडी विकायची असेल तर इथल्या भारतीय कॉन्सुलेटमार्फत मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून पाठवता येते, आमच्याकडचे लोक घरं जमिनी विकतात त्यावर. त्याच्याकडे तशी आहे का विचार. सही करून ठेवलेला कोरा फॉर्म म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी नव्हे.

रिकामटेकडा
नाशिकची पार्टी आली का मग?

सातारी_पोरगा
पार्टी "ट्रॅफिकमध्ये अडकलीय" 😀 मी विसार टाकत नाही म्हटल्यावर दोन साठचे दोन चाळीस झाले, मग म्हणाला दहाच हजार टाका. बोटिमचं विचारलं तर मेव्हणा ड्युटीवर आहे. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे काय ते मलाच विचारलं त्याने. लोन खात्याचा नंबर दोनदा मागितला, "देतो देतो" चाललंय. रविवारी हडपसरला येऊन नुसती गाडी बघतो म्हटलं तर सोसायटीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आधी टोकन दाखवावं लागतं वॉचमनला.

मिरजेचा_फिटर
वॉचमनला टोकन? हे नवीनच ऐकलं. सोड ती. इकडं एक मास्तर आहेत, त्यांची २०१६ ची वॅगनआर काढायचीय, सर्व्हिस मीच करतो, दोन्ही पुरात गाडी वर माळावर होती. मागचा बंपर घासलाय आणि किंमत ते कमी करणार न्हाईत, अगोदरच सांगतो. मास्तरांना विचारून नंबर मेसेजमध्ये टाकतो. सातारला तुझा ओळखीचा मेस्त्री असंल तर त्याला घेऊनच ये, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

सातारी_पोरगा
चालतंय, टाका. वडील म्हणतायत सफेद रंग नको, मास्तरांची कुठली आहे?