मदत हवी आहे : कोविड आयसीयूत वर्षभर ड्युटी केल्यावर मन बधिर झालंय

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी मिरजेत एका रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नोकरीला ९ वर्षं झाली, त्यातली ६ आयसीयूतच. मृत्यू पाहिलेच नव्हते असं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे मार्च २०२०मध्ये, इस्लामपुरात पेशंट सापडले तेव्हा भीती खूप होती, पण अंगात बळ होतं. सप्टेंबरमधली लाटही काढली. जानेवारीत लस घेतली तेव्हा वाटलं, सुटलो. एप्रिलपासून जे चाललंय ते मात्र झेपत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, असं आम्हाला शिकवलं होतं. सध्या नाईटला माझ्याकडे चार बेड असतात, कधी पाच. पीपीई किट चढवलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. एकाला पालथं झोपवायला चार-पाच जण लागतात, आणि तेवढ्यात शेजारचा अलार्म वाजतच असतो. हे शरीर सोसतंय. मला विचारायचंय ते वेगळं आहे.

अथणीकडच्या एक आजी बायपॅपवर (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होत्या. सारखं "नीर, नीर" (पाणी, पाणी) म्हणायच्या. मास्क काढला की ऑक्सिजन सॅच्युरेशन सत्तरवर यायचं, त्यामुळे ओल्या गॉझने ओठ पुसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पहिल्या दोन रात्री मी त्यांचा हात धरून मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलायची. तिसऱ्या रात्री त्या पाणी मागत होत्या आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढच्या बेडचं इन्फ्युजन लावत राहिले. काम होतं, हे खरं. पण काम नसतं तरी मी गेले नसते, हेही मला माहीत आहे. सकाळी ओव्हर देताना (पुढच्या नर्सला पेशंट सोपवताना) "बेड सात, पहाटे चार वीसला एक्स्पायर" एवढं म्हणून पुढे सरकले. ओव्हर घेणारीने विचारलं, "अज्जी का गं?" मला त्यांचं नाव आठवेना. रडूही आलं नाही.

तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

पाच वर्षांचा मुलगा तासगावला आईकडे आहे. व्हिडिओ कॉलवर तो काय काय सांगत असतो आणि मी नुसतं हं हं करते. ड्युटीवरून आल्यावर पार्किंगमध्ये गाडीवरच बसून राहते, जिना चढवत नाही. दिवसा डोळा लागला की मॉनिटरचा आवाज येऊन जाग येते. नवरा म्हणतो, नोकरी सोड. घराचे हप्ते आहेत, पण तेवढंच कारण नाही. हे काम मला मनापासून आवडत होतं. परवा १२ मेला परिचारिका दिनाचा केक कापला, सगळे चांगलं बोलले. मी कधी घरी जाऊन झोपते याचीच वाट बघत होते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तर नोकरीच्या ठिकाणी कळतं का? मिरजेत दवाखान्यांतली माणसं एकमेकांना ओळखतात, म्हणून विचारते. आयसीयूतून थोडे दिवस बाहेर ड्युटी कुणी मागून घेतली आहे का? "ऐन वेळी पळाली" असं ऐकावं लागेल, याची धास्ती आहे. आणि हे मन पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

प्रतिसाद – निवृत्त सिस्टर, कऱ्हाड
अगं, मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यात जळीत वॉर्डही केला. आमच्या मेट्रन (मुख्य परिचारिका) तिथे कुणाला तीन महिन्यांच्या वर ठेवत नसत. पळणं वगैरे कुणी म्हणायचं नाही, बदली ठरलेलीच असायची. तू एकटी जाऊ नकोस. तुझ्यासारख्या आणखी तिघी-चौघी नक्की असतील, त्यांना बरोबर घे. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही, लेखी द्या आणि "दोन आठवडे जनरल वॉर्ड" असं तारखा घालून मागा. तुम्ही एकेक करून बाहेर पडलात तर आयसीयूही चालू राहील. त्या आजींचं म्हणशील तर माझ्याही अशा दोघी आहेत. मी त्या कुणाला सांगितल्या, त्यालाच वीस वर्षं लागली. तू लगेच सांगितलंस.

प्रतिसाद – सातारचा एक डॉक्टर
सिस्टर, तुम्ही लिहिलंय त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत : गळून जाणं, कामापासून मनाने तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तो कामाच्या ठिकाणच्या ताणातून येतो, तुमच्या स्वभावातून नाही. पण सुट्टीच्या दिवशीही मुलाशी बोलण्यात मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर सोबत नैराश्य आहे का हे तपासून घ्यायलाच हवं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर रुग्णालयाला कळवणार नाहीत. मिरजेत नको वाटत असेल तर कोल्हापूरला दाखवा किंवा फोनवर सल्ला घ्या. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर २४ तास मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. नकोसं वगैरे वाटत नाही, पण झोपेचं खरं आहे. कोल्हापूरची गुरुवारची वेळ घेतली. आमच्यातल्या दोघी अर्जावर सही करायला तयार आहेत, तिसरी कंत्राटी आहे म्हणून घाबरते. तिचं नाव न घालता तिलाही त्या पाळीत कसं धरता येईल? असा अर्ज कुणी केला असेल तर मजकूर इथे टाकाल का? इन्चार्ज सिस्टर सोमवारी भेटणार आहेत.